पडद्याअलीकडचा सिनेमा

आपल्याकडे मूकपटाचा काळ दोन तारखांत बसवला जातो. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला आणि १४ मार्च १९३१ रोजी अर्देशीर इराणींच्या ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली. पहिला चित्रपट लागला कॉरोनेशनला, दुसरा मॅजेस्टिकला. दोन्ही थिएटरे गिरगाव परिसरातली, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तारखा शाळकरी पोरांनाही पाठ असतात. थिएटरांची नावे मात्र पत्ता सांगण्यापुरती येतात आणि पुढच्या वाक्यात गायब होतात. चित्रपट, दिग्दर्शक, नट आणि कंपनी हे आपल्या चित्रपट-इतिहासाचे चार खांब. ज्या छपराखाली हे सगळे पाहिले गेले ते छप्पर आणि खाली बसलेली माणसे यांची दखल घ्यायची झाली तर ती आठवणींच्या पुस्तकात, समीक्षेत नव्हे.

मूकपटाच्या बाबतीत ही सवय फार महागात पडते. भारतात साधारण तेराशे मूकपट तयार झाले. त्यांपैकी पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून आज हाती आहेत ते अगदी मोजके. नायट्रेटची फिल्म पेटते, सडते, चिकटते. शिवाय धंदा संपला की तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठीही ती विकली जाई. म्हणजे मूकपटावर लिहिणारा समीक्षक बहुतांशी न पाहिलेल्या कलाकृतींविषयी लिहीत असतो. त्याच्यापुढे असतात जाहिराती, हस्तपत्रके, १९२७ च्या सिनेमॅटोग्राफ समितीचा अहवाल, कायद्याची कलमे आणि उरलेल्या काही इमारती. हा सगळा ऐवज आजवर ‘चित्रपट नाही म्हणून निदान हे’ अशा नाइलाजाने वाचला गेला. माझे म्हणणे उलट आहे. मूकपटाची निम्मी कला रिळात होती आणि निम्मी थिएटरात घडत होती. उद्या सगळेच्या सगळे तेराशे चित्रपट एखाद्या तळघरात धडधाकट सापडले, तरी ती दुसरी अर्धी कला त्यांत सापडणार नाही. तिचा शोध कागदपत्रांतच घ्यावा लागेल.

मुंबईची सुरुवातच पाहा. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंचा प्रतिनिधी मारियस सेस्तिए याने वॉटसन्स हॉटेलात सहा छोट्या चित्रफिती दाखवल्या. तिकीट एक रुपया. फलाटावर येणारी गाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, समुद्रस्नान असे विषय. प्रेक्षक अर्थातच रुपया मोजू शकणारे, म्हणजे गोरे आणि त्यांच्या वर्तुळात वावरणारे मोजके हिंदी लोक. आठवड्याभरात, १४ जुलैला, हेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि महिना संपायच्या आत तिथे तीन गोष्टी झाल्या. तिकिटांचे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत पसरले. पडदानशीन स्त्रियांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी राखीव बॉक्स जाहीर झाले. आणि चित्रांना साजेसे संगीत वाजवायला वादक बसले. पुढच्या पस्तीस वर्षांच्या थिएटर-व्यवहाराचा सगळा आराखडा या तीन आठवड्यांत तयार झालेला दिसतो: बसण्याच्या जागेतली उतरंड, स्त्रियांचा वेगळा कोपरा आणि मुक्या चित्राला जिवंत आवाजाची जोड. यातले काहीही चित्रपट बनवणाऱ्याने ठरवलेले नव्हते. ठरवले ते दाखवणाऱ्याने.

दाखवणाऱ्याची ही परंपरा आपल्याकडे सिनेमाहूनही जुनी आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचांवर हाताने रंगवलेल्या आकृती पडद्यावर हलत आणि कंदिलाजवळचे लोक त्यांचे संवाद बोलत, पदे म्हणत. सावंतवाडीजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी तर पोथीतले एकेक चित्र पुढे करून रामायण-महाभारत गाऊन सांगत आले होते. कीर्तनात कथेला गाण्याची आणि भाष्याची साथ असतेच. तेव्हा समोर चित्र आणि शेजारी त्याला बोलते करणारा माणूस, ही रचना मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेली होती. मूकपट पाहताना त्याला काही उणे आहे असे वाटले असेल हे आपले, बोलपटानंतरच्या माणसांचे, अनुमान आहे.

पक्क्या थिएटरांआधी तंबू आले. अब्दुल अली युसुफअली हे या तंबूवाल्यांतले मोठे नाव. १९०१ पासून काही वर्षे ते सिंगापूर, जावा, सुमात्रा, ब्रह्मदेश, सिलोन असा प्रवास करत सिनेमा दाखवत फिरले, नंतर हिंदुस्थानात फिरले. शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद अशा त्यांच्या तंबूत हजारभर माणसे बसत. १९१४ च्या सुमारास त्यांनी अर्देशीर इराणींबरोबर मुंबईत अलेक्झांड्रा थिएटर घेतले आणि दोघांनी मिळून पुढे मॅजेस्टिक उभे केले. कलकत्त्याच्या जमशेटजी मादन यांचा प्रवासही मैदानातल्या तंबूपासून १९०७ च्या एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेसपर्यंत आणि तिथून थिएटरांच्या देशभरच्या साखळीपर्यंत झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. मादन काय किंवा इराणी काय, आधी दाखवणारे झाले आणि मग बनवणारे. लोक कुठे टाळ्या वाजवतात, कुठे जांभया देतात आणि कुठे उठून जातात हे त्यांनी तंबूच्या दाराशी उभे राहून पाहिले होते. व्ही. शांताराम हुबळीच्या न्यू डेक्कन सिनेमात पोरवयात दारावर उभे राहत आणि चित्रपट पाहत. मूकपटाच्या काळात फिल्म इन्स्टिट्यूट नव्हती. थिएटराचे दार होते.

मुंबईतल्या थिएटरांचा नकाशा काढला तर शहराची सामाजिक विभागणी वेगळी काढावी लागत नाही. फोर्ट आणि बोरीबंदर भागात एक्सेल्सियर, एम्पायर, कॅपिटॉल अशी थिएटरे. तिथे विलायती आणि अमेरिकन चित्रपट, पियानो आणि व्हायोलिन, साहेबी शिष्टाचार. ग्रँट रोडच्या पिला हाउस परिसरात पारशी-उर्दू नाटकांची जुनी थिएटरे होती. ती हळूहळू सिनेमाकडे वळली आणि तिथला प्रेक्षक नाटकाची सगळी हौस बरोबर घेऊन आला. गिरगाव आणि सँडहर्स्ट रोडच्या बाजूला कॉरोनेशन, वेस्ट एंड, मॅजेस्टिक. तिथला प्रेक्षक मराठी, गुजराती, पारशी असा मिश्र. बादशहा पंचम जॉर्जच्या १९११ च्या भेटीत उद्घाटन झालेले रॉयल ऑपेरा हाउस नाटक-संगीतासाठी बांधले गेले, पण लवकरच तिथेही सिनेमा शिरला. पुण्यात गंगाधरपंत पाठकांचे आर्यन १९१५ मध्ये मंडईजवळ सुरू झाले, कोल्हापुरात डेक्कन सिनेमा उभा राहिला.

या थिएटरांत प्रेक्षक नेमके काय पाहायला जात? ‘राजा हरिश्चंद्र’ची जाहिरात याचे चांगले उत्तर देते. ३,७०० फुटांचा हा चित्रपट त्या वेळच्या गतीने तासाभराचा. पण कॉरोनेशनच्या खेळात त्याच्याबरोबर मिस आयरिन डेलमारचे नृत्य होते, एक विनोदी प्रवेश होता, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर नावाचा कसरतपटू होता आणि काही विनोदी चित्रफितीही होत्या. आपण ज्याला भारतीय चित्रपटाचा जन्म म्हणतो तो घटनास्थळी एका मिश्र कार्यक्रमातला मुख्य आयटम होता. एक वर्ष आधी, १८ मे १९१२ रोजी, याच कॉरोनेशनमध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ लागला तोही एका इंग्रजी चित्रपटाच्या जोडीला. यात फाळक्यांचा कमीपणा नाही. कार्यक्रमाची वीण कशी घालायची हे थिएटरवाल्याच्या हाती होते आणि त्याला नव्या चित्रपटावर एकट्याने संध्याकाळ पेलण्याइतका भरवसा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

हा भरवसा चार वर्षांत आला. १९१७ चा ‘लंकादहन’ पुण्यात आर्यनला आणि मुंबईत वेस्ट एंडला लागला. गिरगावात सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालत असल्याचे वर्णन मिळते. आता नर्तकी नको, कसरतपटू नको. अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केलेला हा चित्रपट लोकांना पुरेसा होता. दरम्यान फाळक्यांना गावोगाव वेगळाच धडा मिळत होता. सुरतेची गोष्ट नेहमी सांगितली जाते. सहा-सात तासांचे नाटक दोन आण्यांत मिळत असताना तासाभराच्या सिनेमाला तीन आणे कोण देणार, असे तिथल्या थिएटरवाल्याने विचारले तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ तीन आण्यांत पाहा. किस्सा म्हणून आपण तो हसून सोडून देतो. त्यातली समीक्षा मात्र नेमकी आहे: प्रेक्षक सिनेमाची तुलना दुसऱ्या सिनेमाशी करत नव्हता, नाटकाशी आणि जत्रेशी करत होता. त्या तुलनेत टिकायचे म्हणजे पौराणिक कथा, चमत्काराची दृश्ये आणि जिवंत साथसंगत हे सगळे लागणारच.

साथसंगतीकडे येऊ. साहेबी थिएटरांत पियानो-व्हायोलिन, इतरत्र बहुधा पेटी आणि तबला. हे वादक पडद्यासमोर बसून प्रसंग पाहत आणि वाजवत. लढाईला द्रुत ठेका, विरहाला एखादी ओळखीची चाल. ओळखीची चाल वाजली की प्रेक्षकांच्या मनात तिचे शब्द आपोआप उमटत, म्हणजे चित्रात नसलेला भाव वादक बाहेरून आणून ठेवी. प्रोजेक्टर बराच काळ हाताने फिरवला जाई, तेव्हा चित्राची गतीही ऑपरेटरच्या मनगटात होती. अनेक ठिकाणी एकच प्रोजेक्टर असे. रीळ संपले की दिवे लागत, गलका होई, पुढचे रीळ चढेपर्यंत पेटीवाला लोकांना धरून ठेवी. एकच चित्रपट गिरगावात आणि पिला हाउसला अक्षरशः एक नसे. नाटकाचा प्रयोग जसा दररोज नव्याने उभा राहतो तसा सिनेमाचाही प्रयोग होत असे. याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. प्रयोग म्हटला की वाईट प्रयोगही आले. करुण प्रसंगी उडती चाल लावणारा कंटाळलेला वादक, शेवटचा खेळ लवकर आटपावा म्हणून हँडल जोरात फिरवणारा ऑपरेटर आणि तुटलेली फिल्म कशीबशी जोडून दाखवणारा मालक हेही याच कलेचे घटक होते. कर्त्याच्या हातून निसटलेली कला उंच जाते तशी खालीही येते.

मधल्या पाट्यांचा प्रश्न याहून नाजूक. मूकपटात संवाद आणि निवेदन लिखित पाट्यांतून येई. मुंबईत बनलेल्या चित्रपटांत त्या दोन-तीन, कधी चार भाषांत एकाखाली एक असत: इंग्रजी, गुजराती, हिंदी, उर्दू, मराठी यांतल्या जिथे जशा लागतील तशा. १९२१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता सुमारे ७ टक्के होती. म्हणजे पिटातल्या, पडद्यालगतच्या स्वस्त जागांवर बसलेल्या, बहुतेकांना कुठलीच ओळ वाचता येत नव्हती. मग ज्याला येई तो मोठ्याने वाची, शेजारचा त्याचे आपल्या भाषेत सांगे, काही थिएटरांत त्यासाठी माणूसच ठेवलेला असे. पाट्या येताच उठणारा हा कोलाहल सुशिक्षितांना असह्य होई.

या कोलाहलातून मूकपटाच्या रूपाचे बरेच काही समजते. आपल्याकडे पौराणिक चित्रपटांचे वर्चस्व सहसा धार्मिकतेने स्पष्ट केले जाते. ते खरे असले तरी पुरेसे नाही. ओळखीच्या कथेला पाट्या कमी लागतात. हरिश्चंद्र राज्य का सोडतो, मारुती लंका का जाळतो हे कुणाला वाचून दाखवावे लागत नाही. दिग्दर्शकाचे सगळे बळ दृश्यावर खर्ची पडू शकते. फाळक्यांच्या ‘कालियामर्दन’मध्ये (१९१९) त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने, रंगवलेला कृष्ण आजही पाहताना हे जाणवते. कथा सांगायची नसल्यामुळे कॅमेऱ्याला त्या मुलीच्या खोडकर चेहऱ्यावर रेंगाळायला सवड मिळते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कथा नवी झाली तेव्हा ओळखीची जागा नटीच्या चेहऱ्याने घेतली. रूबी मायर्स म्हणजे सुलोचना ‘टेलिफोननी तरुणी’त (१९२६) टेलिफोन ऑपरेटर झाली, ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त (१९२७) तिने आठ रूपे घेतली. गोष्ट अनोळखी असली तरी सुलोचना ओळखीची होती. तिसरा मार्ग अंगमेहनतीचा: मारामारी, उड्या, पाठलाग. हॉलिवूडच्या एडी पोलोच्या मालिका पिटात लाडक्या होत्या आणि सिनेमॅटोग्राफ समितीच्या १९२७-२८ च्या चौकशीत डग्लस फेअरबँक्सचा ‘थीफ ऑफ बगदाद’ लोकांच्या आवडीत अग्रभागी असल्याचे पुढे आले. मास्टर विठ्ठलचे साहसपट याच मागणीला दिलेले देशी उत्तर. पुराणकथा, तारका आणि स्टंट हे मूकपटाचे तीन मोठे प्रकार आपण अभिरुचीच्या पायऱ्या म्हणून मांडतो, खालून वर किंवा वरून खाली. वाचू न शकणाऱ्या, बहुभाषिक, गोंगाट करणाऱ्या प्रेक्षागृहासमोर कथा कशी उभी करायची या एकाच प्रश्नाची ती तीन उत्तरे होती, असे मला वाटते.

या प्रेक्षागृहाविषयी आणखी एक गैरसमज आहे. सिनेमाने जातपात, गरीब-श्रीमंत सगळ्यांना एका छपराखाली आणले असे आवर्जून सांगितले जाते. छप्पर एक होते यात शंका नाही. देवळात आणि पाणवठ्यावर जे होत नव्हते ते तिकिटाच्या खिडकीवर होत होते, हेही लहान नाही. पण खिडकी जात विचारत नसली तरी आणे विचारत होती, आणि कुणाच्या खिशात किती आणे असतात हे जातीने बरेचसे आधीच ठरवलेले होते. पडद्याला चिकटून जमिनीवर किंवा बाकड्यांवर पिट, त्यामागे खुर्च्या, वर बॉक्स. पिटाचे प्रवेशद्वार अनेकदा वेगळे. स्त्रियांचा भाग वेगळा. पडद्यावर स्त्री येण्याची कथाही या रचनेशी जोडूनच वाचावी लागते. ‘राजा हरिश्चंद्र’ची तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली, त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला उभ्या राहिल्या, १९२७ मध्ये चंदुलाल शहांच्या ‘गुणसुंदरी’ने घरातल्या बाईचा असंतोष हा विषयच केला. जिला पाहायला येणाऱ्या बाईला आडोशाची जागा लागत होती, ती पडद्यावरची बाई मात्र दशकभरात घराबाहेर पडू लागली होती. थिएटरची मांडणी आणि चित्रपटातला आशय यांच्या चाली सारख्या नव्हत्या; या अंतरावर आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही.

लिहिणार तरी कोण? ज्या १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना झाली. मराठी समीक्षेची लेखणी त्या काळात नाट्यगृहात पुढच्या रांगेत बसलेली होती. तिला नाट्यपदांच्या चाली, रागदारी, अभिनय यांवर पानेच्या पाने लिहायची होती. सिनेमा तिच्या लेखी मजुरांची आणि पोरासोरांची करमणूक. फाळक्यांना ‘नवयुग’ मासिकात आपली कैफियत आपणच लिहावी लागली. महात्मा गांधींनी तर सिनेमॅटोग्राफ समितीला आपण कधी सिनेमाला गेलोच नाही असे कळवून तो त्याज्य ठरवला. प्रतिष्ठितांच्या या दुर्लक्षाचा परिणाम असा की मूकपटाची समकालीन मराठी समीक्षा जवळजवळ नाही, आणि नंतरची समीक्षा कंपन्या व दिग्दर्शकांच्या चरित्रांत अडकली.

थिएटर आणि चित्रपट या दोहोंना एकत्र पाहिले ते सरकारने. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात एकीकडे थिएटराला सुरक्षिततेचा परवाना आणि दुसरीकडे चित्रपटाला प्रमाणपत्र अशा दोन्ही तरतुदी होत्या. आगीची भीती आणि विचारांची भीती एकाच कागदावर. १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे सेन्सॉर मंडळे बसली. १९२१ च्या ‘भक्त विदुर’मध्ये द्वारकादास संपत यांचा विदुर गांधींसारखा दिसतो म्हणून काही प्रांतांत बंदी आली. १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात करमणूक कर लागू झाला. सरकारला कळले होते ते असे: धोका रिळात नाही, अंधारात एकत्र बसलेल्या माणसांत आहे.

पुण्याच्या आर्यनमधले एक उदाहरण याची साक्ष देते. फेब्रुवारी १९२० मध्ये तिथे बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ लागला. त्यात कीचकाचा वध होता. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक सरकारने १९१० मध्ये बंद केले होते, कारण त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे पुणेकरांनी ओळखले होते. दहा वर्षांनी त्याच गावात तोच कीचक पडद्यावर मारला जात असताना प्रेक्षक फक्त महाभारत पाहत होते असे कोण म्हणेल? पेंटरांच्या दृश्यातले क्रौर्य पुढे सेन्सॉरला खुपले असे सांगतात. समजा उद्या ‘सैरंध्री’ची प्रत मिळाली. तिच्यात भीम दिसेल, कीचक दिसेल. कर्झन दिसणार नाही. तो प्रेक्षकांनी बरोबर आणलेला होता. कोल्हापूरच्या या चित्रकाराला थिएटराची बाजू चांगली उमगली होती, म्हणूनच त्यांनी पोस्टरांकडे आणि छायाचित्रांसह छापलेल्या माहितीपुस्तिकांकडे चित्रपटाइतकेच लक्ष दिले. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे (१९२४) पोस्टर आज जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत अग्रमानाने दाखवले जाते, चित्रपट नाही, पोस्टर आहे. चित्रपट कुठे सुरू होतो याचे पेंटरांचे उत्तर थिएटराच्या दर्शनी भिंतीवर होते.

१९२७ साली टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सिनेमॅटोग्राफ समितीने ३५३ साक्षी घेतल्या. ब्रिटिश साम्राज्यातल्या चित्रपटांना अमेरिकन चित्रपटांविरुद्ध सवलत मिळावी ही तिच्यामागची सरकारी इच्छा. समितीने ती मानली नाही. त्या काळी प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांत भारतीय चित्रपट सुमारे १५ टक्केच होते. ही समिती आपल्याला मोलाची वाटते ती तिच्या शिफारशींमुळे नव्हे; तिने थिएटरमालक, वितरक, शिक्षक, अधिकारी अशा नाना लोकांना प्रेक्षकांविषयी बोलते केले. साक्षीदारांचे पूर्वग्रह त्यात ठासून भरले आहेत आणि पिटातला माणूस स्वतः क्वचितच बोलतो. तरीही एवढा मोठा ऐवज दुसरा नाही, आणि मराठीत त्याचा वापर अजून अपुरा आहे.

मग १९३१. मॅजेस्टिकसमोर ‘आलम आरा’साठी इतकी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले, चार आण्यांची तिकिटे काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेली. सात गाण्यांचा हा चित्रपट थिएटराच्या दृष्टीने सत्तांतर होता. संगीत आता रिळावर छापून येऊ लागले, गती यंत्राने ठरवली, पाट्या वाचणारा निरुपयोगी झाला, पेटी-तबलेवाले घरी गेले. प्रेक्षक भाषेनुसार विभागले गेले. दाखवणाऱ्याकडे असलेला कर्तेपणा स्टुडिओने परत घेतला. याचे दुःख करताना हिशेब सरळ ठेवला पाहिजे. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ मराठी बोलू शकला तो याच सत्तांतरामुळे. प्रभात फिल्म कंपनीचे चित्रपट, मराठी पडद्याचे संवाद, त्याची गाणी ही बोलपटाची देणगी. शिवाय पिटातल्या माणसाला शेजाऱ्याच्या वाचनावर अवलंबून न राहता पहिल्यांदा थेट ऐकू येऊ लागले. मूकपटाचे प्रेक्षागृह समृद्ध होते, पण ती समृद्धी अंशतः उणिवेतून आलेली होती.

आजची स्थिती काय? वॉटसन्सची इमारत, म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन, मोडकळीला येऊन रिकामी झाली. मॅजेस्टिक गेले आणि जागी व्यापारी संकुल आले. आर्यनच्या जागी वाहनतळ आहे. रॉयल ऑपेरा हाउस डागडुजी होऊन २०१६ मध्ये पुन्हा उघडले, हा अपवाद. इमारतींपेक्षा मला चिंता वाटते ती प्रयोगपद्धतीची. हिमांशु राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांच्या ‘अ थ्रो ऑफ डाइस’ला (१९२९) नितीन सॉहनी यांनी आणि ‘शिराज’ला (१९२८) अनुष्का शंकर यांनी नवे संगीत दिले, ते जिवंत वाद्यवृंदासह सादर झाले. काम देखणे आहे, आणि मूकपट नव्या पिढीपर्यंत त्याने पोहोचवला हे मान्य. पण पाऊणशेच्या वर वर्षांनी एका संगीतकाराने बांधलेली ही सुबक रचना पुन्हा रिळाइतकीच पक्की आहे. मूकपटाच्या थिएटरातली मोकळीक तिच्यात नाही. आणि समोरचे प्रेक्षक मैफलीतल्यासारखे श्वास रोखून बसलेले असतात. महोत्सवांत तर कधी कधी जुनी फिल्म चुकीच्या गतीने चालवतात, माणसे टुणटुण पळतात आणि सभागृह कौतुकाने हसते. फाळक्यांचे नट असे पळत नव्हते. आपली यंत्रे पळवतात.

खरा प्रयत्न कमी खर्चात होऊ शकतो. ‘कालियामर्दन’ योग्य गतीने दाखवावा. पेटी-तबल्यावर असे दोन वादक बसवावेत जे प्रसंग पाहून वाजवतील आणि दुसऱ्या खेळाला वेगळे वाजवतील. पाट्या एखाद्या नटाने मोठ्याने वाचाव्यात, प्रेक्षकांना बोलायची मुभा असावी. संग्रहालयांनी थिएटरांचे परवाने, दरपत्रके, हस्तपत्रके आणि कार्यक्रमपुस्तिका चित्रपटांइतक्याच काळजीने जपाव्यात, त्यांच्या सूची मराठीत छापाव्यात. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या थिएटरमालकांच्या घरी अजून अशी बाडे असतील. आणि समीक्षकांनी मूकपटाचा पुढचा आढावा दिग्दर्शकांच्या नामावळीने सुरू न करता तिकिटाच्या दराने, बैठकीच्या नकाशाने आणि कार्यक्रमाच्या क्रमाने सुरू करावा. फाळके आणि पेंटर त्यामुळे लहान होणार नाहीत. कुणासमोर, किती गोंगाटात आणि किती आण्यांच्या स्पर्धेत त्यांनी आपली कला उभी केली ते कळल्यावरच त्यांचे मोठेपण आपल्याला मोजता येईल. तोवर आपण त्यांना हार घालत राहू, एवढेच.